ब्रिजवर राहिलेलं कार्ड

तंत्रशिक्षण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच असलेल्या प्रयोगशाळेत, रोज सकाळी साडेनऊला एक बाई बावीस संगणकांच्या मधून फिरायच्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "कार्ड कुठे आहे? वाच बघू मोठ्याने." समोरचा पडद्याकडे बघून वाचायचा, "इंटर्नल." की बाई पुढच्या टेबलाकडे. एखाद्याने न बघताच "इंटर्नल" ठोकून दिलं, तर ते त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं, आणि मग त्या दिवशी त्याची धडगत नसे.

त्यांना सगळे भिंतीबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे असं विद्यार्थ्यांना वाटे, पण बाईंना ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. "आधी भिंत, मग दार" हे त्यांचं पालुपदच होतं. कामही तसंच होतं. एका संगणकाच्या पोटात पाच-सहा खोटे संगणक उभे करायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावायला त्यांच्यात काही नसतं, पण ती स्वतःला अगदी खरी समजतात. त्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळं नेटवर्क द्यायचं, आणि एका नेटवर्कमधला शब्द दुसऱ्यात जाणार नाही असा चोख बंदोबस्त करायचा. ही भिंत. ती पक्की आहे हे तपासून झालं की मध्ये दोन कार्डांचं एक मशीन ठेवायचं; कार्ड म्हणजे मशीनला नेटवर्कशी जोडणारा दुवा. त्याचा एक पाय या नेटवर्कमध्ये, एक त्या नेटवर्कमध्ये. तो राउटर, म्हणजे दार. मग कोणाला कुठून कुठे जाता येईल हे त्या राउटरला ओळीने लिहून द्यायचं.

इथे विद्यार्थी हमखास एक गोष्ट विसरायचे. जायचा रस्ता लिहायचे, यायचा लिहायचेच नाहीत. मग इकडून निरोप जायचा, तिकडे पोचायचाही, पण उत्तर काही यायचं नाही, आणि पोरं अर्धा तास डोकं धरून बसायची. बाई मागून यायच्या, पडद्यावर एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "पाहुण्याला घरी पाठवलंत ते छान केलंत. आता त्याला परत कोण आणणार, मी?" वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत. त्यांचा विनोद नेहमी असा कोरडाच असे.

पण सगळ्यांत मोठी भिंत ती नव्हेच. सरावाचं हे सगळं खोटं जग संस्थेच्या खऱ्या नेटवर्कला कुठेही चिकटता कामा नये, ही ती भिंत. मशीनचं कार्ड "इंटर्नल"वर ठेवलं की ते आपल्या डब्यात गुण्यागोविंदाने नांदतं. "ब्रिज"वर ठेवलं की ते थेट संस्थेच्या खऱ्या केबलवर जाऊन बसतं आणि सगळ्यांच्या कारभारात नाक खुपसतं. म्हणून रोज सकाळचा तो प्रश्न.

बाई फार शिस्तीच्या, असं लोक म्हणत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली ती शिस्त होती. फरक एवढाच, की इथे ताक बाई फुंकत होत्या आणि तोंड पोळलं होतं दुसऱ्याचं.

त्याला अकरा वर्षं झाली होती. प्रवेशाचा पहिला दिवस होता. तळमजल्यावर प्रवेशाच्या सहा खिडक्या, प्रत्येकीमागे एक संगणक आणि समोर पार फाटकापर्यंत गेलेली पालकांची रांग. बाई तेव्हा कंत्राटावर होत्या. त्यांना कायम करायचा कागद साहेबांच्या, म्हणजे संस्थेच्या संचालकांच्या टेबलावर पडून होता, पुढच्या महिन्यात सही व्हायची होती. नव्या प्रात्यक्षिकासाठी आदल्या संध्याकाळी बाईंनी एक पत्ते वाटणारं मशीन तयार केलं. नेटवर्कमध्ये प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागतो आणि तो देण्यासाठी एक मशीन नेमलेलं असतं. सुरू झालेला संगणक "मला पत्ता द्या" म्हणतो, हे देतं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवायचं होतं, म्हणून बाईंनी मशीनचं कार्ड घटकाभर ब्रिजवर टाकलं. काम झाल्यावर ते परत इंटर्नलवर आणायचं होतं. ते राहिलं.

सकाळी लवकर येऊन त्यांनी मशीन सुरू केलं आणि तिसऱ्या मजल्यावर नव्या विद्यार्थ्यांना माहिती द्यायला गेल्या. नऊ वाजता खाली खिडक्यांवरचे संगणक सुरू झाले आणि त्यांनी पत्ता मागितला. संस्थेचं पत्ते वाटणारं खरं मशीन जुनाट, दम खात उत्तर देणारं. बाईंचं नवं आणि चटपटीत. कोणी विचारायचा अवकाश, त्याने सहाही जणांना सरावातले पत्ते देऊन टाकले, ज्यांच्यावरून कुठेच जाता येत नव्हतं. सहाही खिडक्या ठप्प झाल्या. रांग आधी कुजबुजली, मग ओरडायला लागली.

संस्थेतली प्रत्येक केबल ओढली होती वायरमनकाकांनी. पन्नाशी उलटलेला, नाकासमोर चालणारा माणूस. प्रत्येक केबलला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून चिठ्ठी लावलेली असे, आणि अक्षर असं की शाळेत फळ्यावर शोभावं. आदल्याच दिवशी त्यांनी स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या खोलीतला गुंता सोडवून त्या नीट बांधल्या होत्या. त्यामुळे खिडक्या बंद पडल्यावर त्यांना पहिला संशय आला तो स्वतःचाच. ते त्या खोलीत शिरले आणि एकेक केबल हातात घेऊन दोन्ही टोकं तपासत बसले.

साडेअकराला बाई तिसऱ्या मजल्यावरून आपल्या प्रयोगशाळेत परतल्या. खालचा गोंधळ त्यांच्या कानावर आला होता, पण आपला त्याच्याशी काही संबंध असेल असं ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी सहज आपल्या मशीनची पत्ते दिल्याची यादी उघडली. ती कोरी असायला हवी होती. तिच्यात सहा ओळी होत्या. त्यांनी कार्ड इंटर्नलवर आणलं. दोन सेकंदांचं काम. कोणी पाहिलं नाही.

त्याच सुमाराला खाली काकांनी ठरवलं, की आता तपासणं पुरे, प्रत्येक केबल काढून दुसऱ्या खाचेत लावून बघू. त्यांनी पहिल्या खिडकीची केबल काढली, लावली, आणि पहिली खिडकी सुरू झाली. दुसरी लावली, दुसरी सुरू झाली. केबल काढून लावली की संगणक नव्याने पत्ता मागतो, आणि आता उत्तर द्यायला एकटं खरं मशीनच उरलं होतं. पण हे वर बाईंना माहीत होतं, खाली कोणालाच नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. सहावी खिडकी सुरू झाली तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब तावातावाने खोलीत आले. "म्हणजे केबल चुकीच्या लागल्या होत्या?"

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "तसंच दिसतंय साहेब. काल मीच हलवल्या होत्या."

बाई एव्हाना खाली येऊन दारात उभ्या होत्या. तोंड उघडायचं तर तेव्हाच. ते त्यांनी उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, इथे तर संन्यासी आपणहून सुळीकडे चालत गेला होता. पुढच्याच आठवड्यात काकांची बदली भांडारात झाली. बाईंच्या कागदावर ठरल्याप्रमाणे सही झाली.

घरी नवऱ्याला त्यांनी सांगितलं होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर काचा घासून घासून त्याचं मतही गुळगुळीत झालेलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्यांची नोकरी तर गेली नाही ना? बसून काम मिळालं उलट." बाईंना ते पटलं असं नाही, पण ते सोयीचं होतं. मग एक वर्ष गेलं, मग दोन. सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार, आणि ते दर वर्षी जास्त जड होत गेलं.

भांडारात काका खडू, झाडू, कागदाची रिमं आणि दिवे वाटायचे. बाई खडू आणायला गेल्या की मोठ्या आपुलकीने म्हणायचे, "बाई, तुम्ही पोरांना शिकवता ते फार बरं. त्यांना माझं उदाहरण सांगा. केबलला हात लावायच्या आधी दोनदा बघा म्हणावं." बाई "हो काका" म्हणून खडूचा डबा घेऊन वर यायच्या. काकांच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात "आमच्या सहाही खिडक्या एका झटक्यात बंद पाडणारा माणूस" असं म्हटलं, सगळं सभागृह हसलं, काकाही हसले. बाईंनीही हसल्यासारखं केलं. खाई त्याला खवखवे, हे खरं. पण काही माणसं खवखवणारा घसा घेऊनही वर्षानुवर्षं आरामात जगतात, आणि भिंतीबाई त्यांतल्याच होत्या. काकांच्या नावावरचा तो डाग त्या पुसणार की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि अकरा वर्षं त्याचं उत्तर "आज नको" हे होतं.

यंदा प्रयोगशाळेत एक नवी मॅडम आली. हुशार, भराभर बोलणारी, आणि कंत्राटावर. एका मंगळवारी दहाच्या सुमाराला ग्रंथालयातले आठही संगणक बंद पडले. ग्रंथपाल धावत वर आला. बाई खाली गेल्या, एका संगणकाचा पत्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पत्ता सरावातला होता. त्या तशाच वर आल्या आणि नव्या मॅडमला म्हणाल्या, "तुझं पत्ते वाटणारं मशीन बंद कर. आधी बंद कर, मग बोल."

तीन मिनिटांत सगळं सुरळीत झालं. साहेबांनी दोघींना बोलावलं. "काय झालं होतं नेमकं?"

बाई काही बोलायच्या आतच नवी मॅडम म्हणाली, "सर, माझ्याकडून झालं. सॉफ्टवेअर उतरवायला कार्ड ब्रिजवर टाकलं होतं, परत फिरवायचं विसरले. बाईंच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर दिवसभर कळलं नसतं."

साहेबांनी दोन मिनिटं आवाज चढवला. निष्काळजीपणा, जबाबदारी, असले चार शब्द झाले. मग म्हणाले, "काय झालं ते एका कागदावर लिहा आणि प्रयोगशाळेत लावा. पोरांना उपयोगी पडेल. आणि बाई, तुम्ही कसं काय इतक्या चटकन ओळखलंत? कमाल आहे हं तुमची." संपलं. मॅडम बाहेर आली, "बापरे, वाचले" म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

बाई जिन्यातच थांबल्या. त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त राग आला, स्वतःचाच. अकरा वर्षं ज्याला त्या घाबरल्या होत्या ते एवढंच होतं: दोन मिनिटांची बोलणी आणि एक कागद. कदाचित तेव्हा जास्त पडलं असतं, प्रवेशाचा दिवस होता, रांग होती. कदाचित कंत्राट गेलंही असतं. पण ते आता कधीच कळणार नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की मी लिहून देणार आहे.

"आता?" नवरा म्हणाला. "अकरा वर्षांनी कोणाला काय पडलंय त्याचं?"

"काकांना पडलं असेल."

"ते विसरलेही असतील."

"मग त्यांना आठवण करून देईन," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे कागद ठेवला. त्यात तारीख होती, वेळ होती, आपल्या मशीनचं कार्ड ब्रिजवर राहिलं होतं हे होतं, आणि वायरमनकाकांच्या केबलींचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता हे वाक्य वेगळ्या ओळीवर होतं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, हे कशाला उकरून काढताय? काका निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. विभागप्रमुखपदासाठी तुमचं नाव वर गेलंय, ठाऊक आहे ना? हा कागद तुमच्या फायलीत लागला तर ते नाव परत येईल."

"ठाऊक आहे."

"मग?"

"आवक-जावकमध्ये घ्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून मला द्या. शिवाय काकांच्या फायलीतही एक लावा."

वेड लागलंय का हिला, असं साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी शिपायाला शिक्का आणायला सांगितलं.

रविवारी दुपारी बाई काकांकडे गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा संस्थेतल्या चौघीजणींबरोबर बाई येऊन गेल्या होत्या, नंतर आज. काकांनी दार उघडलं, "अरे, बाई! या, या," म्हणाले आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. खोलीतला दिवा लागत नव्हता. बटणाच्या जागी नुसत्या वायरी बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्यावर चिकटपट्टी लावली होती.

"माणूस यायचाय नीट करायला," काका म्हणाले. "आठवडा झाला सांगून."

"तुम्ही स्वतः का नाही करत?"

"मी हात लावत नाही आता असल्या कामाला." ते अगदी सहज म्हणाले.

बाईंनी वाटेत बोलायचं खूप काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं सोडून त्यांनी पर्समधून कागद काढून काकांच्या हातात दिला. काका खिडकीशी गेले, उजेडात धरून त्यांनी तो सावकाश वाचला. खालचा शिक्का पाहिला. मग परत वरून वाचला.

"ब्रिज म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. खोटं मशीन, खरी केबल, पत्ते. काका मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण पहिल्या खिडकीची केबल मी लावली आणि ती लगेच सुरू झाली. मी स्वतः बघितलं."

"केबल काढून लावली की संगणक नव्याने पत्ता मागतो, काका. तोवर मी माझं मशीन बाजूला केलं होतं. तुम्ही त्याच खाचेत परत लावली असतीत तरी सुरू झाली असती."

"दुसरी?"

"तसंच."

"तिसरीच्या टोकाची क्लिप जरा सैल होती."

"त्याने काही झालं नव्हतं."

काकांनी चौथी विचारली, पाचवी विचारली. पाचवीला मधे एक जोड होता, तोही त्यांना आठवत होता. सहावीपर्यंत ते एकेक करत आले. बाई प्रत्येक वेळी तेच उत्तर देत गेल्या, न कंटाळता, न घाई करता.

"म्हणजे सगळ्या बरोबर होत्या," काका म्हणाले.

"सगळ्या बरोबर होत्या."

काका पलंगावर बसले. कागद त्यांच्या मांडीवर होता आणि त्याच्यावर त्यांचे दोन्ही हात. बाईंना वाटलं आता ते चिडतील, आणि चिडले तर बरं होईल असंही वाटलं.

"आमची ही म्हणायची," काका म्हणाले, "तुमच्या हातून केबल चुकणार नाही, दुसरंच काहीतरी असेल. बदली झाली तेव्हापासून म्हणायची. मी तिला गप्प बसवायचो. तुला काय कळतंय त्यातलं, म्हणायचो. एकदा पाहुण्यांसमोर फार बोललो तिला."



"मग तिने तो विषय सोडला," काका पुढे म्हणाले. " आजारात एकदा आपणहून म्हणाली, असू दे हो, चुकतं माणूस, मनाला लावून घेऊ नका. मी काही तुम्हाला नावं ठेवत नाही." काकांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. "मी काही केलंच नव्हतं, बाई. आणि तिने मला माफ केलं."

माफी मागायची म्हणून बाई इतक्या लांब आल्या होत्या. तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या, चपला घातल्या आणि आपल्यामागे दार हळूच ओढून घेतलं.